मैदानातलं संमेलन आणि मैदानाबाहेरचा जिल्हा

हजारो माणसं एका छताखाली बसवील असं कन्व्हेन्शन सेंटर यवतमाळला नाही. मुंबईला ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, दिल्लीला प्रगती मैदानावर आहे. नागपूरला रेशीमबागेत दोनेक हजार खुर्च्यांचं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये उभं राहिलं. यवतमाळला आहे ते पोस्टल ग्राउंड. समता मैदान हे त्याचं दुसरं नाव. ११ ते १३ जानेवारी २०१९ असे तीन दिवस ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच मैदानावर भरलं. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. त्याआधी यवतमाळला हा मान १९७३ मध्ये मिळाला होता, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष असताना. मधे ४६ वर्षं गेली.

संमेलनाचा विषय निघाला की आमच्याकडे हमखास कोणीतरी म्हणतं, आपल्याला एक भव्य सभागृह पाहिजे. मला तसं वाटत नाही. जिल्ह्याच्या गावाला संमेलन पेलायला आधी मोकळं मैदान लागतं. आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यानं मांडवातून उठून जिल्हा पाहिला नाही, तर त्याचं येणं अर्धंच राहतं. मैदान आणि जिल्हा, दोन्हींबद्दल थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं.

मोठ्या शहरातलं संमेलन केंद्र नेमकं काय करतं, हे आधी पाहू. त्याचा जीव असतो मधे एकही खांब नसलेलं मोठं सभागृह. छताचं ओझं लोखंडी कैच्यांवर घेतलं की मधे खांब लागत नाहीत आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही व्यासपीठ दिसतं. या सभागृहात सरकत्या भिंती असतात. त्या ओढल्या की एका सभेच्या चार सभा होतात. ट्रक थेट आत येईल असा मागचा दरवाजा, प्रदर्शनासाठी वेगळं दालन, हजारोंचं जेवण एका वेळी निघेल असा भटारखाना आणि छोट्या बैठकांच्या खोल्या, एवढं झालं की केंद्र तयार. दिल्लीच्या भारत मंडपमचं उद्घाटन जुलै २०२३ मध्ये झालं आणि सप्टेंबरमध्ये तिथे जी-२० देशांची परिषद भरली. मुंबईच्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन झालं आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटला घेण्याचा निर्णय त्याच अधिवेशनात झाला. अशा इमारतींचं मोल मी नाकारत नाही. पण त्या वर्षभर भरलेल्या लागतात. वातानुकूलन, देखभाल, सुरक्षा यांचा खर्च निघायचा तर आठवड्याला काहीतरी कार्यक्रम हवाच. जिल्ह्याच्या गावाला तेवढी मागणी नसते आणि मग अशा इमारतींना कुलूप लागतं.

मैदानाचं तसं नाही. मांडव उतरला की ते पुन्हा पोरांच्या क्रिकेटचं, सभांचं, मेळाव्यांचं होतं. फुले-आंबेडकर जयंतीच्या निमित्तानं भरणारं समता पर्वही यवतमाळकरांना याच मैदानावर पाहायची सवय आहे.

आणि मांडव म्हणजे तात्पुरतं, म्हणून कच्चं काम, असं कोणी समजू नये. बिछायत केंद्रवाल्यांचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. आधी चुन्याची फक्की टाकून आखणी होते. मग खड्डे खणून खांब उभे राहतात, वर कैच्या चढतात, त्यावर ताडपत्री किंवा पत्रे, आणि खालून कापडाचं छत. वारा कापडाखाली शिरला तर तो अख्खा मांडव वर उचलू पाहतो. म्हणून चारी बाजूंनी दोर ताणून जमिनीत खुंट्या ठोकाव्या लागतात. आमच्या काळ्या मातीत कोरड्या दिवसांत खुंटी घट्ट बसते, पण अवकाळी पाऊस झाला की तीच माती सैल पडते, मग खुंट्या पुन्हा ठोकत फिरावं लागतं. संमेलनासाठी जानेवारी निवडतात, त्यामागे हेही एक कारण असावं. या दिवसांत विदर्भात आभाळ बहुधा मोकळं असतं, दुपारी ऊन सोसवतं, आणि थंडीपायी पाहुण्यांना रात्रीच्या कविसंमेलनात शाल मात्र घ्यावी लागते.

सगळ्यात कसोटी लागते ती साउंडवाल्याची. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. व्यासपीठापासून शेवटची रांग शंभर मीटरवर असेल, तर पुढच्या भोंग्यातला शब्द तिथे पोचायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. मागच्या रांगेजवळही भोंगे लावलेले असतात. त्यांच्यात तोच शब्द तारेतून क्षणात येतो. म्हणजे मागे बसलेल्याला एक शब्द दोनदा ऐकू येतो आणि कवितेचा पार चुराडा होतो. सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत दुसरा आवाज आला तर कान दोन्ही एकत्र करून घेतो, त्याहून उशिरा आला तर तो वेगळा ऐकू येऊ लागतो. म्हणून जाणकार माणूस मागच्या भोंग्यांचा आवाज यंत्रातून मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतो. पुन्हा बाजूच्या मांडवातला परिसंवाद मुख्य मांडवात घुसू नये यासाठी भोंग्यांची तोंडं फिरवायची, मधे पुस्तकांच्या दालनांची रांग घालायची. कापडाची कनात आवाज अडवत नाही, पुस्तकांनी भरलेलं दालन थोडाफार अडवतं. सरकत्या भिंतीचं काम इथे ग्रंथप्रदर्शनाकडून करून घेतलं जातं.

मैदानावर अधिवेशन भरवण्याची परंपरा या महाराष्ट्रात मोठी आहे. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. अधिवेशनं शहरांतून उठवून खेड्यात न्या, हा आग्रह गांधीजींचा होता. त्याच वर्षी ते स्वतः वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले होते. फैजपूरची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी केली. बांबू आणि त्या भागात सहज मिळणारं साहित्य वापरून त्यांनी टिळकनगर उभं केलं. देशाच्या राजकारणाची बैठक अशा तात्पुरत्या नगरात बसली. मैदान राखलं, तर गाव हवं तेव्हा संमेलन बोलावू शकतं. मोकळ्या मैदानाचे भूखंड पडले, तर मग कितीही पैसा आणला तरी गावाच्या मधोमध तेवढी जागा परत मिळत नाही. यवतमाळचे नागरिक आणि नगरपालिका यांनी हे ध्यानात ठेवावं, एवढंच माझं मागणं आहे.

२०१९चं यवतमाळ संमेलन उभ्या महाराष्ट्राला आठवतं ते मात्र मांडवामुळे नाही. उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं आणि गदारोळ उठला. अनेक साहित्यिकांनी संमेलनाला येणं नाकारलं. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी पदाचा राजीनामा दिला. अशा वातावरणात उद्घाटन केलं ते वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या या शेतकरी बाईंच्या नवऱ्यानं कर्जापायी आत्महत्या केली होती. शेतकऱ्यांच्या विधवांनी स्वतः रंगवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केलं होतं. व्यासपीठावरून त्या मागे राहिलेल्या बायांच्या जगण्याबद्दल बोलल्या, आपल्या वऱ्हाडी वळणाच्या बोलीत बोलल्या. अध्यक्ष अरुणा ढेरे यांनीही निमंत्रण मागे घेण्याबद्दलची आपली नापसंती भाषणात लपवली नाही. सहगलांना थांबवणं चूक होतं, हे माझं मत आजही कायम आहे. पण त्या दिवशी यवतमाळ जिल्हा स्वतः व्यासपीठावर आला, हेही तितकंच खरं आहे. अशा जिल्ह्यात येऊन मांडव, निवास आणि जेवणाचा शामियाना एवढ्याच तीन जागा पाहून परत जाणं मला पटत नाही.

मग पाहायचं काय? संमेलन असो, लग्न असो की कुठली परिषद, यवतमाळला येणाऱ्यानं एक-दोन दिवस हाताशी ठेवावेत.

गावातच सुरुवात करा, शकुंतला या छोट्या गाडीच्या स्टेशनापासून. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकला गेला, कापसासाठी. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. आमचा कापूस या गाडीनं मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला आणि पुढे बोटीनं मँचेस्टरच्या गिरण्यांत. या गाडीचं वाफेचं इंजिनही १९२१ मध्ये मँचेस्टरलाच घडवलेलं होतं. १९९४ पर्यंत त्यानं गाडी ओढली, मग डिझेल आलं. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी हा मार्ग कितीतरी वर्षं खासगी कंपनीच्या मालकीचाच राहिला, गाडी चालवायची भारतीय रेल्वे. संथ होती, पण दारव्हा, कारंजाकडच्या गरीब माणसाला एसटीपेक्षा खूप स्वस्त पडायची. आता ती बंद आहे. ‘शकुंतला वाचवा’ म्हणून लोक रस्त्यावरही उतरले. कापसाची अर्थव्यवस्था कोणासाठी उभी राहिली आणि शेतकऱ्याच्या हाती काय उरलं, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या अरुंद रुळांपाशी उभं राहिल्यावर लवकर कळतं.

नागपूर रस्त्यावर तेवीसेक किलोमीटरवर कळंब आहे. तिथला चिंतामणी विदर्भातल्या मोठ्या गणेशस्थानांपैकी एक. या देवळाचं वेगळेपण असं की देवाकडे चढून जायचं नसतं, उतरून जायचं असतं. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि तिथे जिवंत झऱ्याचं कुंड आहे. वर चारी दिशांना तोंडं असलेली चौमुखी गणेशमूर्ती पाहावी आणि मग पायऱ्या उतराव्यात. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्रानं इथे गणेशाची स्थापना केली, अशी कथा आहे. दर बारा वर्षांनी कुंडातलं पाणी चढतं आणि चिंतामणीच्या पायांना लागतं, अशी श्रद्धा आहे आणि पाणी चढल्याची बातमी आली की पंचक्रोशी लोटते. या जिल्ह्याचा बराच भाग लाव्हारसाच्या थरांवर वसलेला आहे. दोन थरांच्या मधल्या सांध्यात आणि खडकाच्या भेगांत पाणी मुरून राहतं. जिथे खोल उतरलेली जागा असते तिथे ते झऱ्यानं बाहेर येतं, आणि पाऊसकाळ चांगला झाला की त्याची पातळी वाढते. श्रद्धेनं जा किंवा भूजलाचा धडा म्हणून जा, कळंब दोघांनाही काहीतरी देतं.

लाव्ह्याचं दुसरं रूप पाहायचं तर पूर्वेकडे झरी तालुक्यात जावं लागतं. वणी-पांढरकवडा भागात शिबला-पार्डीजवळ खडकाचे खांब उभे आहेत. कोणीतरी तासून रचल्यासारखे, बाजू बहुतेक पाच-सहा. हे स्तंभाकार बेसॉल्ट. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस एका जागी साचून सावकाश निवला. निवताना तो आकसला, आणि आकसताना तळ्याच्या वाळत्या गाळाला पडतात तशा भेगा त्याला पडल्या. भेगा आत आत सरकत गेल्या आणि खांब सुटे झाले. आयर्लंडच्या किनाऱ्यावर असेच खांब पाहायला जगभरातून माणसं जातात. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत अभ्यासकांनी लक्ष वेधेपर्यंत हा दगड बाहेरच्यांना फारसा ठाऊकच नव्हता. अशी ठिकाणं पाहताना खांबाचा तुकडा आठवण म्हणून उचलून आणू नये, कारण तो परत तयार होणार नाही. याच पट्ट्यात वणीकडे जमीन बदलते. लाव्ह्याच्या जागी कोळसा आणि चुनखडी लागते, खाणी आणि सिमेंट येतं. वणी हे लोकनायक बापूजी अणे यांचं जन्मगाव. १९३० मध्ये जंगल कायद्याविरुद्ध पुसदजवळ गवत कापून सत्याग्रह झाला, त्याचं नेतृत्व त्यांनी केलं. मिठाचं दुखणं समुद्रकाठच्या लोकांचं होतं, आमच्या जिल्ह्याचं दुखणं जंगलातल्या गवताचं होतं.

त्या जंगलाचा आज उरलेला चांगला तुकडा म्हणजे टिपेश्वर अभयारण्य. पांढरकवड्याजवळ, १४८ चौरस किलोमीटरचं. टिपाई देवीवरून नाव पडलं. ताडोब्याच्या मानानं हे लहान, पण इथले वाघ देशभर गाजले. टी-१ सी-१ हा इथे जन्मलेला नर वाघ. २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवलेली होती, म्हणून त्याचा प्रवास कागदावर उतरला. पावसाळ्याच्या तोंडाला तो टिपेश्वर सोडून निघाला. शेतं, रस्ते, नद्या ओलांडत, तेलंगणात डोकावून, मराठवाड्यातून वळून तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. तरुण नराला स्वतःचा इलाखा आणि मादी शोधावी लागते. १४८ चौरस किलोमीटरमध्ये आधीच वाघ असतील तर त्याला बाहेर पडावंच लागतं. तो बहुतेक पऱ्हाटीतून आणि तुरीतून चालला, दिवसा लपून आणि रात्री वाटचाल करून. त्या शेतांत माणसंही असतात. आमच्या राळेगाव तालुक्यानं २०१८ मध्ये एका वाघिणीच्या भीतीखाली घालवलेले दिवस आणि तिला ठार मारल्यावर झालेला वाद, दोन्ही पाहिले आहेत. म्हणून टिपेश्वरला जाणाऱ्यानं वाघ दिसला की नाही एवढ्यावर फेरी मोजू नये. जंगल कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं, ती सीमा पाहावी. जानेवारीत गवत उंच असतं, वाघ दिसायचा तर उन्हाळा बरा, पावसाळ्यात सफारी बंद. प्रवेशाचं आधी आरक्षण करून जावं. जाता-येता केळापूरच्या जगदंबेचं दर्शन होतं, आणि वाटेवर कोलाम आदिवासींची पोडं, म्हणजे वस्त्या, लागतात. तिथे उगाच मोबाइल काढून फोटो काढत फिरू नये, बोलावलं तर बसावं.

दक्षिणेला उमरखेडकडे पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे. नदीच्या अलीकडे आमचा जिल्हा, पलीकडे नांदेड. तो पावसाळ्यानंतर पाहावा. पश्चिमेला दिग्रसवरून वाशिम जिल्ह्यातलं पोहरादेवी गाठता येतं, बंजारा समाजाचं सर्वांत मोठं तीर्थ. पुसद तालुक्यातलं गहुली हे वसंतराव नाईकांचं गाव. तांड्यात जन्मलेला हा माणूस ११ वर्षांहून अधिक काळ राज्याचा मुख्यमंत्री राहिला.

जेवणाचं वेगळं सांगायला हवं. संमेलनाच्या शामियान्यात पनीर आणि पुलाव मिळेल, तो कुठेही मिळतो. हिवाळ्यात यवतमाळला आलात तर कोणाच्या तरी वावरात रोडग्यांचा बेत ठरतो का ते पाहा. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक, पदर सुटतील अशी घडी घालून गोळे करायचे. गोवऱ्यांचा आर पडला की त्यात ते पुरायचे, उलटत-पालटत राहायचं. वरून काळपट, टणक झाले की बाहेर काढून राख झटकायची आणि हातानं फोडायचे. आतून वाफ येते. त्यावर तूप, सोबत घट्ट वरण आणि तेल सुटलेली, झणझणीत वांग्याची भाजी. शंभर माणसांचा स्वयंपाक असाच, उघड्यावर, चार जण मिळून करतात. संमेलनभर पाहुणे याच बेतावर ठेवले तरी कोणी तक्रार करणार नाही, अशी माझी खात्री आहे.

येण्या-जाण्याचं. यवतमाळला अजून मोठी रेल्वे पोचलेली नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम सुरू आहे, त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. मुंबईकडून येणाऱ्यांना धामणगाव रेल्वे हे स्टेशन जवळचं, तिथून पन्नासेक किलोमीटर एसटीनं. विमानानं येणाऱ्यांनी नागपूर धरावं, तिथून रस्ता दीडशे किलोमीटरचा.

परतताना वर्ध्याकडून जाणार असाल तर अर्धा दिवस सेवाग्रामला द्या. १९३६ मध्ये गांधीजी जिथे राहायला आले ते शेगाव हेच, नाव पुढे बदललं. आदिनिवास आणि बापूकुटी माती, बांबू, लाकूड आणि कौलांची आहेत. देशातल्या मोठमोठ्या माणसांच्या बैठका त्या जमिनीवरच्या चटईवर झाल्या. फैजपूरला बांबूचं नगर का उभारलं गेलं, हे इथे आल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. नंतर गाडी पकडताना स्टेशनाचं नाव नीट पाहा. मुंबई-हावडा मार्गाच्या गाड्या वर्ध्याला थांबतात, दिल्ली-चेन्नई मार्गाच्या बऱ्याच गाड्या सेवाग्रामला. दोन्ही स्टेशनं वेगवेगळी आहेत, आणि ऑटोवाल्याला ‘वर्धा स्टेशन’ एवढंच सांगितलं तर गाडी चुकू शकते.